वगळलेल्यांची फेरिस्त

सर्व्हर हे एक यंत्र आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि ज्यांचा संबंध केवळ त्याच्या पडद्यावरील व्यवहाराशी येतो त्यांच्यापुरती ती समजूत पुरेशीही असते. परंतु ज्याला त्या लोखंडी पेटीचे झाकण काढून आत पाहावे लागते, त्याला मदरबोर्ड, त्यावरील प्रोसेसर, डिस्कांचा कारभार सांभाळणारा रेड कंट्रोलर, त्या डिस्क, त्या ज्यात बसतात तो बॅकप्लेन, नेटवर्क कार्डे, वीजपुरवठ्याचे दोन संच आणि मुख्य यंत्र बंद असतानाही अहोरात्र जागा राहणारा व्यवस्थापन-नियंत्रक, असा एक मोठा समुदाय दिसतो. आणि यांतील प्रत्येकाच्या अंगी त्याची स्वतःची, कारखान्यातच भरलेली, परंतु पुढे बदलता येणारी एक आज्ञावली असते. तिलाच आम्ही फर्मवेअर म्हणतो. पेटीवर नाव एका कंपनीचे असले तरी आतील कार्ड दुसरीचे, डिस्क तिसरीची आणि प्रोसेसर चौथीचा असतो. प्रत्येकाच्या आज्ञावलीची आवृत्ती निराळी, तिच्या दोषांचा इतिहास निराळा आणि ती बदलण्याची रीतही निराळी.

या आज्ञावलींचे नूतनीकरण करणे, आणि त्यापूर्वी कोणत्या घटकाचे ते करावयाचे व कोणत्याचे तूर्त करावयाचे नाही याची निवड करणे, हे काम मी कुर्ल्यात बरीच वर्षे करीत आले आहे. त्यांपैकी पहिला भाग आता बहुतांशी यंत्रच पार पाडते. दुसरा भाग मात्र मनुष्याच्या विवेकावर सोपविलेला राहिला आहे, आणि आमच्या व्यवसायात त्याला फार हलके स्थान दिले जाते याचा मला मनापासून खेद वाटतो. पडद्यावरच्या काही चौकटींत खुणा करून लांब यादी आखूड करणे, एवढेच त्याचे स्वरूप मानले जाते. आणि म्हणून ते काम नवख्या मनुष्याकडे, पुष्कळदा त्याच्या रुजू होण्याच्या पहिल्या महिन्यातच, सोपविले जाते.

आमचे कार्यालय कुर्ला पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजूनही आग्रा रोड असलेल्या रस्त्यावर, एका जुन्या कारखान्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या इमारतीत आहे. याच कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून एके काळी फियाट गाड्या बाहेर पडत. आता कामगारांच्या पाळ्यांचे भोंगे गेले आणि त्यांच्या जागी वातानुकूलनाची अखंड घरघर आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व मिठी नदीने या परिसरातील घरेदारे, दुकाने आणि गोदामे पाण्याखाली नेली, तेव्हापासून येथे विचारी मनुष्य मोलाची यंत्रे तळमजल्यावर ठेवीत नाही. आमचीही वरच्या मजल्यावर आहेत. राज्यातील काही नागरी सहकारी बँकांचे व पतसंस्थांचे हिशेब त्या यंत्रांवर चालतात; म्हणजे सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या गावात ठेवीची पावती छापली जाते, तेव्हा तिचा मूळ आकडा कुर्ल्याच्या एका डिस्कवर उमटलेला असतो.

मी या कामास लागले तेव्हाचा शिरस्ता सरळ होता. तिमाहीतून एखाद्या शनिवारी रात्री, दिवसाचे हिशेब मिटल्यावर, यंत्र बनविणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेला नूतनीकरणाचा संपूर्ण संच घ्यावा, तो सर्व यंत्रांवर चढवावा आणि पहाटे पहिली लोकल सुटण्याच्या सुमारास खातरजमा करून घरी जावे. निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण रात्र मोठी होती. या शिरस्त्याला पहिला धक्का बसला तो २०१८ च्या जानेवारीत.

त्या वर्षी ३ जानेवारी रोजी मेल्टडाऊन व स्पेक्टर या नावांनी ओळखले जाणारे दोष जगजाहीर झाले. ते कोणा एका प्रणालीचे नव्हते. प्रोसेसर पुढची आज्ञा आधीच अंदाजाने राबवून ठेवतो, त्या युक्तीतच ते दडलेले होते, आणि त्यांच्या आधारे एका आज्ञावलीस दुसरीच्या स्मृतीतील मजकूर चोरून वाचणे शक्य होते. स्पेक्टरच्या एका प्रकारावर उपाय म्हणून प्रोसेसरला नवा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतील आज्ञावली, देणे आवश्यक होते, आणि तो बहुतेक सर्व्हरांत बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ फर्मवेअरच्या, नूतनीकरणातून येणार होता. बँकांच्या संचालक मंडळांपर्यंत वर्तमानपत्रांतून बातमी पोहोचली होती. आज रात्रीच सर्व यंत्रे सुरक्षित करा, अशी मागणी चोहोकडून येऊ लागली. आमचे तेव्हाचे प्रमुख मोठे करारी गृहस्थ. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "आपल्या यंत्रांची प्रोसेसरच्या पिढीनुसार यादी आहे का?" यादी मॉडेलनुसार होती, रॅकनुसार होती, बँकेनुसार होती, पिढीनुसार नव्हती. आणि मॉडेलवरून पिढी निश्चित होते असेही नाही, कारण एकाच मॉडेलच्या पेटीत हॅसवेल पिढीचा प्रोसेसर असू शकतो आणि त्यानंतरच्या ब्रॉडवेल पिढीचाही. ती यादी सिद्ध होईपर्यंत केवळ चाचणीच्या यंत्रांवरच नवे बायोस चढवावे, असा त्यांनी हुकूम काढला, आणि त्यापायी बरेच कटू शब्दही ऐकून घेतले.

२२ जानेवारी रोजी खुद्द इंटेलने सांगितले की, हॅसवेल व ब्रॉडवेल पिढ्यांची यंत्रे नव्या मायक्रोकोडमुळे अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आपोआप पुन्हा सुरू होत आहेत, सबब त्याचा प्रसार तूर्त थांबवावा. सर्व्हर बनविणाऱ्या कंपन्यांनी ती बायोस मागे घेतली. पुढे सुधारलेला मायक्रोकोड आला तोही सर्वांसाठी एकदम आला नाही. काही आठवड्यांच्या अवधीत, पिढीवार आला. आणि तोवर तयार झालेली आमची पिढीवार फेरिस्त हातात धरून आम्ही तो त्याच क्रमाने चढविला. घटकांची निवड ही वेळ वाचविण्याची युक्ती नसून यंत्राच्या आत खरोखर काय आहे याच्या ज्ञानाची कसोटी आहे, हे मी तेव्हा प्रथम शिकले.

परंतु या ज्ञानाची खरी परीक्षा पुढच्या वर्षाच्या अखेरीस डिस्कांनी घेतली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने एक परिपत्रक काढले. तिच्या काही एसएएस प्रकारच्या सॉलिड स्टेट डिस्क, त्यांतील फर्मवेअर एचपीडी८ या आवृत्तीपूर्वीचे असल्यास, ३२,७६८ तास चालल्यानंतर निकामी होतील, आणि त्यानंतर डिस्कही परत मिळणार नाही व तिच्यावरील मजकूरही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हिशेब केला तर हा काळ तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तासांचा होतो. संगणकाचे प्राथमिक गणित जो शिकला आहे त्याला ती संख्या पाहताच ओळख पटते: दोनचा पंधरावा घात. सोळा बिटांच्या, उणे-अधिक चिन्ह पाळणाऱ्या खान्यात ३२,७६७ ही शेवटची संख्या मावते, आणि त्यापुढचा एक तासही मावत नाही. पुढे मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीचे दुसरे परिपत्रक आले. त्यात ४०,००० तासांची, म्हणजे चार वर्षे, २०६ दिवस व सोळा तासांची मर्यादा होती आणि डिस्कची मॉडेले निराळी होती. मोटारगाड्या, औषधे किंवा अन्न यांच्याबाबतीत असे इशारे काढण्याची प्रथा जुनी आहे. आमच्या व्यवसायात एखाद्या कंपनीने आपल्या मालाच्या मृत्यूचा तास आगाऊ जाहीर करावा, ही मला आजही आदर वाटावा अशी गोष्ट वाटते.

या दोषातील भीषणता एका डिस्कच्या जाण्यात नव्हती. एखादी डिस्क जाते, हे गृहीत धरूनच रेडची रचना केलेली असते. एक गेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. परंतु त्या रचनेच्या मुळाशी असे गृहीतक आहे की, डिस्क निरनिराळ्या वेळी मरतात. एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच पेटीत बसविलेल्या आणि एकाच क्षणी वीज मिळालेल्या डिस्कांचे तास एकत्रच मोजले जातात, आणि ज्या तासाला पहिली मरेल त्याच तासाला उरलेल्याही मरतील. ज्या दूरदृष्टीने आपण सावधगिरी म्हणून चार डिस्क एकत्र बांधल्या, तीच त्यांना एका वेळी नाहीशी करणार होती.

आम्ही प्रथम खरेदीचे दप्तर पाहिले. त्या दप्तराप्रमाणे परिपत्रकातील मॉडेलची एकही डिस्क आमच्याकडे नव्हती, आणि तेवढ्यावर समाधान मानून तसा दाखला बँकांना पाठवावा असे पुष्कळांचे मत होते. परंतु २०१८ चा अनुभव ताजा होता. आम्ही दप्तर मिटले आणि प्रत्येक डिस्कलाच विचारले. व्यवस्थापन-नियंत्रकाच्या द्वारे प्रत्येक डिस्कचा मॉडेल क्रमांक, तिच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि ती आजवर किती तास चालली, ही तीन उत्तरे मागवून घेतली. त्यांत त्या मॉडेलच्या काही डिस्क निघाल्या. हमीच्या मुदतीत बिघडलेल्या जुन्या डिस्कांच्या जागी ज्या बदली आल्या होत्या, त्या मूळच्या मॉडेलच्या नव्हत्या. तितक्याच क्षमतेच्या, परंतु निराळ्या होत्या. आणि बदलीच्या मालाची नोंद खरेदीच्या दप्तरात होत नसे, कारण त्यासाठी पैसे मोजलेले नसत. कागदाच्या दृष्टीने त्या डिस्क अस्तित्वातच नव्हत्या. सुदैवाने त्यांचे तास मर्यादेपासून पुष्कळ दूर होते. आधी बॅकअपची खातरजमा करून, एका वेळी एकच पेटी घेऊन, त्यांचे फर्मवेअर आम्ही निवांतपणे बदलले.

याच शोधात माझ्या एका तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात जी गोष्ट आली तिचे श्रेय मी येथे आवर्जून देते. तो म्हणाला, "मॅडम, कपाटातल्या डिस्कांचं काय?" कपाटात सुट्या डिस्क ठेवलेल्या होत्या, ऐन वेळी बदलीस याव्यात म्हणून. त्यांना वीज मिळालेली नाही, म्हणून त्यांचे तास शून्य. त्या कोणत्याही यंत्रात नाहीत, म्हणून कोणत्याही इन्व्हेंटरीत नाहीत. आणि इन्व्हेंटरीत नाहीत, म्हणून निवडीची कोणतीही गाळणी कितीही काळजीपूर्वक लावली तरी त्या तिच्या वाटेलाच येत नाहीत. उद्या एखादी डिस्क बिघडली की, जुने फर्मवेअर घेऊन तीच कपाटातील डिस्क नूतनीकरण झालेल्या पेटीत शिरणार होती. तेव्हापासून सुट्या भागांची वेगळी फेरिस्त ठेवण्याची आणि चाचणीच्या यंत्रात बसवून त्यांचेही फर्मवेअर वेळच्या वेळी बदलण्याची तजवीज आम्ही केली आहे. जे जोडलेले आहे तेवढेच पाहण्याची सवय मोडणे किती कठीण असते, हे त्या कपाटाने मला शिकविले.

त्यानंतर रात्रच संपली. १६ डिसेंबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने एनईएफटीची सेवा वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास सुरू केली. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसचीही तीच व्यवस्था झाली. ग्राहकांच्या दृष्टीने ही फार मोठी सुधारणा होती आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या मोकळ्या अवधीवर आमचा सारा शिरस्ता उभा होता तो त्यामुळे इतका आक्रसला की, संपूर्ण संच सर्व यंत्रांवर एका रात्रीत चढविणे ही कल्पनाच बरखास्त करावी लागली. मुंबईकरांना या अडचणीचे स्वरूप समजावयास रविवारचा मेगाब्लॉक पुरेसा आहे. रेल्वेला रूळ तर दुरुस्त करावयाचेच असतात आणि गाड्या तर बंद ठेवता येत नाहीत. म्हणून ती माटुंगा ते मुलुंड धीमा मार्ग किंवा कुर्ला ते वाशी हार्बर मार्ग असा नेमका पट्टा निवडते, त्याची वेळ आगाऊ जाहीर करते, धीम्या गाड्या तेवढ्यापुरत्या जलद मार्गावर वळविते, आणि ज्या पट्ट्याला या रविवारी हात लावलेला नाही त्याचा क्रम पुढच्या एखाद्या रविवारी येणार हे तिच्या नियोजनात ठरलेले असते. आमच्या निवडीत पहिल्या तीन गोष्टी लवकर आल्या. चौथी येण्यास फार वेळ लागला.

पहिली गाळणी आम्ही लावली ती खंडाची. व्यवस्थापन-नियंत्रकाचे फर्मवेअर बदलताना मुख्य यंत्र चालूच राहते. नियंत्रक तेवढा काही मिनिटे मुका होतो, काही यंत्रांत पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात, आणि मग सर्व पूर्ववत होते. बायोस व रेड कंट्रोलर यांना मात्र यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. वीजपुरवठ्याच्या संचाचे फर्मवेअर काही प्रकारच्या यंत्रांत तर मुख्य यंत्र बंद करूनच बदलता येते, आणि मदरबोर्डवरील वीज कोणत्या क्रमाने कोठे जावी हे ठरविणाऱ्या सीपीएलडी नावाच्या छोट्या चिपचे काम मध्येच खंडित झाले तर पुष्कळदा मदरबोर्डच बदलण्याची पाळी येते. पुनःप्रारंभाची आवश्यकता नसलेलेच घटक दाखवावेत, अशी सोय आता व्यवस्थापनाच्या साधनांत असते, आणि ती सोय उपयुक्त आहे. परंतु ती वापरताना, उरलेले घटक महत्त्वाचे नव्हते म्हणून नव्हे, तर केवळ गैरसोयीचे होते म्हणून बाजूला पडले, ही जाणीव पडदा देत नाही.

खंड टाळण्यासाठी दुसरा एक मार्ग सुचविला जातो, आणि त्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. नवे फर्मवेअर यंत्रात आधीच उतरवून ठेवावे आणि यंत्र जेव्हा केव्हा पुन्हा सुरू होईल तेव्हा ते आपोआप चढावे, अशी ती व्यवस्था. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई व आसपासच्या प्रदेशाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि आमची जनित्रे सुरू झाली. यंत्रे चालूच राहिली. परंतु जनित्रांचे डिझेल कोठवर पुरेल याचा हिशेब चालू असताना आम्ही प्रलंबित कामांची फेरिस्त काढून पाहिली, तेव्हा अशी उतरवून ठेवलेली काही नूतनीकरणे पुढच्या पुनःप्रारंभाची वाट पाहत बसलेली दिसली. जर त्या दिवशी यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावी लागली असती, तर वीजपुरवठा डळमळीत असताना, पुरेसे लोक हजर नसताना, ज्या क्षणी एखाद्या यंत्रास हात लावू नये नेमक्या त्याच क्षणी त्याचे बायोस बदलू लागले असते. आम्ही ती कामे तत्काळ रद्द केली. तेव्हापासून आमच्याकडे उतरविणे आणि चढविणे यांची मंजुरी एकाच तारखेची असते.

निवडीची आणखी एक गाळणी आहे, जी कंपनीच्या कोणत्याही कॅटलॉगात सापडत नाही. आमच्या एका बँकेचे दक्षिण महाराष्ट्रातील शाखाधिकारी मला दूरध्वनीवर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं मंगळवारी बाजार असतोय. सोमवारच्या रात्री तेवढं काही काढू नका बघा." रात्री सुरू केलेले काम रात्रीतच संपेल असा भरवसा कोणी देऊ शकत नाही, आणि सकाळी यंत्र उशिरा उठले तर बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांची रांग रस्त्यावर येते. साखर कारखान्यांच्या हंगामात ज्या दिवशी उसाची बिले शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा होतात तो दिवस त्याहूनही मोलाचा. म्हणून आमच्या निवडीच्या तक्त्यात आता घटकाच्या नावाशेजारी, तो ज्या यंत्रात आहे त्या यंत्रावर कोणत्या बँका आहेत आणि त्यांचे वर्ज्य दिवस कोणते, यांचेही रकाने आहेत. दूरच्या देशातील ज्या अभियंत्याने ते फर्मवेअर लिहिले त्याला मंगळवारच्या बाजाराची वार्ता असण्याचे कारण नाही. ती असण्याची जबाबदारी आमची.

आता अनुपालनाच्या अहवालाविषयी. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या श्रेणीनुसार अधिक तपशीलवार अपेक्षा सांगितल्या. त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम सायबर हल्ल्यात लुबाडली गेली होती, त्यामुळे बँकांच्या संचालकांनीही हा विषय गांभीर्याने घेतला, हे योग्यच झाले. लेखापरीक्षक आमच्याकडे अहवाल मागू लागले. हा अहवाल असा तयार होतो: कंपनीचा कॅटलॉग घ्यावयाचा, त्यावरून बेसलाइन, म्हणजे अपेक्षित आवृत्तींची यादी, ठरवावयाची, यंत्रातील प्रत्येक घटकाची आवृत्ती तिच्याशी ताडून पाहावयाची आणि जुळली तर हिरवी, न जुळली तर तांबडी खूण करावयाची. कॅटलॉग जुना असेल आणि हमीत बदलून आलेल्या मदरबोर्डवर त्याहून नवे बायोस असेल, तर हाच अहवाल ते नवे बायोस मागे न्यावे अशी शिफारस करतो. असे प्रसंग मी पाहिले आहेत. पण तो दोष जाणत्या मनुष्याच्या ध्यानात येतो.

जो ध्यानात येत नाही तो दोष असा की, जे घटक गाळणीने बाजूला काढले ते या अहवालात तांबडे दिसत नाहीत. ते मुळी दिसतच नाहीत. शंभर घटकांपैकी तीस वगळले आणि सत्तर अद्ययावत केले, तर अहवाल सत्तर टक्के म्हणत नाही, तो शंभर टक्के म्हणतो. ज्या कागदावर बँकेचे संचालक विश्वास ठेवतात, लेखापरीक्षक शेरा लिहितात आणि ज्याच्या बळावर ठेवीदारांच्या पैशांची सुरक्षितता सांगितली जाते, त्या कागदाचा सारा अर्थ एका अनुल्लेखित निवडीवर अवलंबून राहतो. मला या गोष्टीचा जितका त्रास झाला तितका रात्रीच्या जागरणांचा कधी झाला नाही.

शिवाय गाळणी एकदा साठवून ठेवली की ती स्वतःच्या बळावर जगू लागते. नव्या तिमाहीत तीच उघडली जाते, तिच्यातील वगळण्या तशाच पुढे चालू राहतात, आणि ज्याने ती केली तो मनुष्य नोकरी सोडून गेलेला असतो. आमच्या एका गाळणीत एका विशिष्ट नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर वर्षानुवर्षे वगळले जात होते. कारण शोधू जाता असे निष्पन्न झाले की, आभासी यंत्रे चालविणाऱ्या प्रणालीच्या एका जुन्या आवृत्तीतील ड्रायव्हर आणि ते फर्मवेअर यांचा मेळ तिच्या सुसंगतता-यादीत मान्य नव्हता. म्हणजे वगळणे त्या वेळी सर्वथा योग्य होते. परंतु ती आवृत्ती आमच्या यंत्रांवरून केव्हाच काढून टाकलेली होती. कारण नाहीसे झाले होते आणि वगळणी जिवंत होती.

तेव्हा आम्ही वगळलेल्यांचे स्वतंत्र दप्तर उघडले. वगळलेल्या प्रत्येक घटकास त्यात एक ओळ असते: घटकाची नेमकी ओळख, आजची आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती, वगळण्याचे कारण, ते कारण कोणत्या घटनेने संपुष्टात येईल, वगळणीची मुदत, आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव. मुदत टळली की वगळणी आपोआप रद्द होऊन तो घटक पुन्हा यादीत येतो. त्याला बाहेर ठेवावयाचे असेल तर नव्याने कैफियत लिहावी लागते. 'तूर्त आवश्यकता नाही' हे कारण आम्ही स्वीकारीत नाही. दोन प्रकारच्या घटकांना तर मुदतीपुरतेही वगळू देऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्यांतील एक म्हणजे डिस्क. त्यांची कहाणी वर आलीच आहे. दुसरा व्यवस्थापन-नियंत्रक, कारण जो यंत्र बंद असतानाही जागा असतो, जो ते चालू करू शकतो, बंद करू शकतो आणि त्याचे फर्मवेअर बदलू शकतो, त्याच्या दारातील फट ही साऱ्या घराची फट असते. २०१७ मध्ये आयएलओ ४ या नियंत्रकात असा दोष उघड झाला होता की, विनंतीच्या एका मथळ्यात ए हे अक्षर एकोणतीस वेळा लिहून पाठविले असता पासवर्डची चौकशीच टाळता येत असे. त्यावरील सुधारित आवृत्ती त्याच वर्षी उपलब्ध झाली होती, आणि ती चढविण्यास मुख्य यंत्र बंद करावे लागत नव्हते.

या दप्तरामुळे काम वाढले, हे खरे आहे. तरुण सहकाऱ्यांना प्रारंभी ती लिखापढी जाचक वाटली, आणि वरिष्ठांपैकी काहींना, आपण काय केले नाही हे आपणच लिहून ठेवणे धोक्याचे वाटले. असा कागद उद्या आपल्याच विरुद्ध वापरला जाईल, अशी त्यांची भीती होती. मी त्यांना एवढेच म्हटले की, ती जोखीम लिहिली न लिहिली तरी आहेच, आणि ती ठेवीदाराची आहे. पुढे एका लेखापरीक्षकांनी हिरव्या अहवालापेक्षा हे दप्तरच अधिक वेळ वाचले आणि त्यातील वीजपुरवठ्याच्या संचांच्या नोंदींवर, मुदत फार लांबविली आहे, असा शेरा मारला. शेरा रास्त होता. त्या संचांसाठी यंत्रे बंद करण्याची तारीख त्याच आठवड्यात सर्व बँकांशी बोलून ठरविली गेली, आणि ते काम पारही पडले.

म्हणून सहकारी बँकांच्या संचालकांना आणि अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. नूतनीकरणाच्या मंजुरीचा कागद आपल्यापुढे सहीसाठी येतो तेव्हा काय बदलणार याची यादी त्याला जोडलेली असते. आपण त्याजबरोबर काय वगळले जाणार याचीही फेरिस्त, कारण, मुदत व नाव यांसह मागावी. आणि ती आणून दिली जाईपर्यंत सही तहकूब ठेवावी.